मासे तोंड वर का काढतात?

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात तापी आहे, नर्मदा आहे. मासे पकडणे आपल्याला नवे नाही. पण शेततळ्यात मासे पाळणे अनेकांना नवे आहे.

नव्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले. मासे वाढले. एके दिवशी पहाटे पाहावे, तो सारे मासे वर! तोंडे उघडमीट करताहेत. आपण म्हणतो, "भुकेले दिसतात बिचारे." आणि आणखी पेंड टाकतो. इथेच चुकते.

मासे भुकेले नसतात. त्यांचा जीव गुदमरत असतो.

आपण हवेतला प्राणवायू घेतो. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतो. दिवसा उन्हात हिरवे शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच तो घेते. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसांत आणखी कमी. उरलेली पेंड आणि शेण तळाशी कुजते. त्यातही प्राणवायू खर्च होतो.

ओळखावे कसे? काठावर पाय आपटा. धडधाकट मासा झटकन बुडी मारतो. गुदमरलेला सहसा तिथेच राहतो.

मग करायचे काय? पेंड आणि शेण लगेच बंद करा. पंपाने तळ्याचेच पाणी उचला व उंचावरून तळ्यात पाडा. पडत्या पाण्यात हवा मिसळते. विहिरीचे पाणी सोडाल, तर तेही उंचावरूनच सोडा.

आम्ही सांगतो ते ध्यानात ठेवा. पहाटे तळ्यावर एक फेरी माराच. नाही तर वर्षाची कमाई एका रात्रीत जाते.