गुंगी, झोप की पूर्ण जाग?

आमच्या मोठ्या काकांनी रेडीच्या घरी सहा महिने शौचावाटे जाणारे रक्त ‘मूळव्याध असेल’ म्हणून दडवले. साठी उलटलेल्या माणसाने असे करणे शहाणपणाचे नव्हे. मोठ्या आतड्याचा कर्करोगही अशीच चाहूल देतो. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून आतड्याची तपासणी, सुचवली. काका पडवीतून हलेनात. ‘‘नळी घालतले तेव्हा मी जागो रवतलंय?’’ आणि लगेच, ‘‘झोपवल्यानी तर परत उठतलंय मा?’’

दोन्ही प्रश्न रास्त होते. चौकशी केली तेव्हा कळले, वाटा तीन आहेत.

पहिली गुंगीची. शिरेतून मिडॅझोलाम आणि फेंटॅनिलसारखे वेदनाशामक देतात. रुग्ण हाकेला ओ देतो, सांगितले की कूस बदलतो. पुढे त्याला फारसे आठवत नाही. मात्रा जास्त झालीच तर दोन्ही औषधांवर उतारा आहे. मात्र अंमल सावकाश उतरतो.

दुसरी प्रोपोफॉलची. दुधासारख्या पांढऱ्या या औषधाने मिनिटभरात झोप लागते, आणि ते थांबवले की लवकरच जाग येते. ते शोधणारे जॉन ग्लेन मूळचे पशुवैद्य. २०१८ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण झोप फार गाढ झाली तर श्वास मंदावतो आणि यावर उतारा नाही. २००९ साली गायक मायकेल जॅक्सनचा जीव मुख्यतः याच औषधाने, घरच्या बिछान्यात घेतला. तिथे पुरेशी देखरेख नव्हती. म्हणूनच भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन आणि श्वास-नाडी मोजणारी यंत्रे जवळ हवीत. त्याने खर्च वाढतो.

तिसरी, काहीच न देण्याची. नॉर्वेत अनेक जण जागेपणीच तपासून घेतात. आतडे फुगवायला साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर कळा कमी येतात.

२००८ सालच्या कॉक्रेन आढाव्यात पहिल्या दोन वाटांची तुलना आहे. प्रोपोफॉल घेतलेले रुग्ण लवकर सावरले, अधिक समाधानी होते. प्रकृतीने बऱ्या असलेल्यांत दुष्परिणाम वाढलेले दिसले नाहीत. म्हणजे औषधाइतकेच महत्त्व उशाशी कोण उभे आहे याला.

आणि घरी कोण नेणार, यालाही. दोन्हींपैकी कोणतेही औषध घेतले की दिवसभर गाडी चालवायची नाही, कागदावर सही करायची नाही. काका तर स्कूटरने एकटेच जायला निघाले होते! शेवटी मी बरोबर गेलो. फेरीबोटीने तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यातल्या एका रुग्णालयात पोचलो. काकांना दमा, डॉक्टरांनी त्यांच्याशी बोलून हलकी गुंगी ठरवली. दोन कोंब सापडले, तिथेच काढले. कर्करोग नव्हता.

परतताना फेरीबोटीत काकांनी विचारले, ‘‘तपासणी कधी?’’

तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली, तर तीनच गोष्टी विचारा : औषध कोणते, लक्ष कोण ठेवणार, घरी कोण नेणार. पण भीतीपोटी सहा महिने दवडू नका.