चाहते भरपूर, कारखाने दोन

फेब्रुवारी २००८ मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कॅमेऱ्यातून बाहेर येऊन डोळ्यांदेखत उमटणाऱ्या फोटोचे दिवस भरले असंच बहुतेकांनी धरलं. डिजिटल कॅमेरा घरोघरी पोचला होता. पोलरॉइड कंपनी २००१ मध्ये एकदा दिवाळखोरीत जाऊन आली होती आणि २००८ च्याच डिसेंबरात ती दुसऱ्यांदा गेली. आज मागे वळून पाहिलं तर चित्र पार उलटं दिसतं. फुजीफिल्मच्या इन्स्टॅक्स मालिकेची १९९८ पासूनची एकूण विक्री २०२५ मध्ये दहा कोटी नगांवर गेली. पोलरॉइडच्या नावाने पुन्हा फिल्म निघते आहे. आपल्याकडच्या लग्नांतही पाहुण्यांचे छोटे फोटो काढून वहीत चिकटवायचे आणि शेजारी चार ओळी लिहून घ्यायच्या, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. यावरून सहज काढला जाणारा निष्कर्ष असा, की लोकांच्या प्रेमाने हे माध्यम तगलं आणि ते प्रेम आहे तोवर त्याला मरण नाही. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो आणि धोक्याचाही. या सगळ्या काळात कोणती फिल्म जगली आणि कोणती गेली याचा हिशेब मांडला, तर प्रेमाचा वाटा लहान निघतो. मोठा वाटा असतो योग्य वेळी उभ्या असलेल्या यंत्रांचा, मिळत राहिलेल्या रसायनांचा आणि लाखोंनी माल काढायला तयार असलेल्या एखाद्या कंपनीचा.

असं का, हे कळायला त्या चौकोनी फोटोच्या आत डोकवावं लागतं. साध्या रोलवर फक्त प्रकाशाची नोंद होते, पुढचं सगळं काम डार्करूममध्ये चालतं. एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत आपला शोध दाखवला आणि १९४८ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या दुकानात त्यांचा पहिला कॅमेरा विकायला आला, तेव्हा त्यांनी ती डार्करूमच कागदात घातली होती. १९७२ च्या एसएक्स-७० कॅमेऱ्याने ती पूर्णत्वाला नेली. त्या फोटोच्या पांढऱ्या चौकटीची खालची पट्टी रुंद असते, कारण तिच्यात रसायनाची सीलबंद पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रोलरांमध्ये दाबला जातो, पुडी फुटते आणि आतला दाट अल्कली लेप थरांच्या मध्ये सारख्या जाडीने पसरतो. त्या लेपात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, जे पुढे चित्राची पांढरी पार्श्वभूमी होतं. शिवाय काही रंगद्रव्यं अशी असतात की ती अल्कलीत गडद होतात आणि खालच्या थरांवर उजेड पडू देत नाहीत. त्या झाकणाखाली चांदीचे थर डेव्हलप होतात, रंग वर सरकतात. मग दुसऱ्या बाजूचा आम्लाचा थर हळूहळू अल्कलीचा जोर मोडतो, झाकण पारदर्शक होत जातं आणि चेहरा दिसू लागतो. रोलरवर जरा वाळलेला लेप राहिला की पुढच्या फोटोंवर ठरावीक अंतराने डाग पडतात. इतकं ते नाजूक आहे. कृष्णधवल रोल एखादा छोटा कारखाना आजही काढू शकतो. इन्स्टंट फिल्ममध्ये मात्र निगेटिव्ह, पॉझिटिव्हचा पारदर्शक ताव, पुडी, लेप, चौकट यांतलं एक जरी बिघडलं तरी सगळा डाव फसतो.

२००८ मध्ये हाच डाव मोडत आला होता. इन्स्टंट फिल्मचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे केवळ सहलीला निघालेली कुटुंबं नव्हती. पासपोर्टचे फोटो काढणारे स्टुडिओ, पोलीस, डॉक्टर, सिनेमाच्या सेटवर आदल्या दिवशीचे कपडे आणि वस्तू कुठे होत्या ते टिपून ठेवणारे सहायक, जाहिरातीच्या फोटोआधी प्रकाशयोजना तपासून घेणारे फोटोग्राफर अशी रोज लागणारी मागणी त्यामागे होती. हे लोक डिजिटलकडे सगळ्यांत आधी गेले, कारण त्यांना फोटोशी मतलब होता, फिल्मशी नव्हता. राहिले ते चाहते. त्यांचं प्रेम तेव्हाही कमी नव्हतं. वॉकर एव्हन्सने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत एसएक्स-७० वर काम केलं होतं. आंद्रेई तारकोव्हस्कीचे पोलरॉइड, डेव्हिड हॉकनीने १९८२ मध्ये शेकडो चौकोन जुळवून उभी केलेली चित्रं, अँडी वॉरहॉलचे चेहरे हे सगळं जगाला माहीत होतं. पण रोजच्या गिऱ्हाइकाची जागा इतिहासाने भरून निघत नाही. नवं निगेटिव्ह ओतणं थांबवून साठ्यावर दिवस ढकलणाऱ्या कंपनीने तो साठा संपत आल्यावर दारं लावली.

इथे हमखास पुढे येणारा आक्षेप नेदरलँड्सच्या एन्सखेडे गावातून येतो. तिथला पोलरॉइडचा कारखाना जून २००८ मध्ये बंद होत असताना, निरोपाच्या कार्यक्रमात व्हिएन्नाचे फ्लोरियान काप्स आणि कारखान्याचे जुने अधिकारी आंद्रे बोसमन भेटले. त्यांनी सुमारे ३१ लाख डॉलरला यंत्रं घेतली, एक इमारत भाड्याने घेतली, दहा जुने कामगार जमवले आणि इम्पॉसिबल प्रोजेक्ट सुरू केला. मार्च २०१० मध्ये त्यांची पहिली कृष्णधवल फिल्म आली. २०१७ मध्ये त्यांच्याच भागधारक कुटुंबाने पोलरॉइडचं नाव विकत घेतलं आणि २०२० पासून एन्सखेडेची फिल्म पुन्हा नुसती ‘पोलरॉइड’ झाली. वेड्या प्रेमाने मेलेली गोष्ट जिवंत केली, याहून मोठा पुरावा कोणता हवा, असं विचारलं जातं. काप्स आणि बोसमन यांच्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांच्या कथेचा तपशील माझ्या बाजूने बोलतो. ती यंत्रं त्या वेळी भंगारात निघाली होती. थोडा उशीर झाला असता तर प्रेम तेवढंच राहिलं असतं आणि यंत्रं वितळली असती. यंत्रं असूनही जुनी फिल्म परत आली नाहीच, कारण तिला लागणारी रसायनं आता कोणी बनवत नव्हतं आणि प्रत्येक थर नव्याने शोधावा लागला. सुरुवातीच्या फिल्मवर उजेड अडवणारं ते झाकण नीट जमत नव्हतं, म्हणून फोटो बाहेर येताच तो हाताखाली किंवा डबीत लपवावा लागे. रंग उतरत, काही फोटोंत महिन्यांनंतर स्फटिक धरत. एका पाकिटात जिथे दहा फोटो असत तिथे आठच मिळू लागले. रंगीत फोटो पुरता उमटायला आजही दहा-पंधरा मिनिटं लागतात. चाहत्यांनी ही सगळी वर्षं अपुरी फिल्म भरमसाट किमतीला घेतली आणि प्रयोगाचा खर्च उचलला. त्यांच्या प्रेमाचं खरं काम मला इथेच दिसतं. ते काम करायला त्यांना उभा कारखाना मिळाला, हा योगायोग होता.

योगायोग म्हणण्याचं कारण असं, की नेमका तोच प्रयोग दुसऱ्यांदा झाला आणि फसला. सोलून वेगळी करायची फिल्म, म्हणजे फोटो ओढून बाहेर काढायचा, थोडं थांबायचं आणि निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह सोलून घ्यायचं, हा इन्स्टंट फोटोचा मूळ प्रकार. पोलरॉइडनंतर तो फक्त फुजी बनवत होती. २०१३ मध्ये कृष्णधवल एफपी-३०००बी गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शेवटच्या रंगीत एफपी-१००सीचं उत्पादन थांबवत असल्याचं कंपनीने सांगितलं. आरडाओरड मोठी झाली. १९६३ पासून विकल्या गेलेल्या, ही फिल्म लागणाऱ्या पॅक कॅमेऱ्यांचे मालक जगभर होते आणि आहेत. काप्स स्वतः जपानला बोलणी करायला गेले, त्यातून काही निष्पन्न झालं नाही. मग त्यांनी व्हिएन्नात २०१९ मध्ये लोकवर्गणी जमवून एका पाकिटात एकच फोटो असलेली, हाताने जुळवलेली फिल्म काढली. अमेरिकेत न्यू-५५ नावाच्या छोट्या उद्योगाने पोलरॉइडच्या जुन्या टाइप-५५ फिल्मचा वारसा चालवायचा प्रयत्न केला आणि २०१७ मध्ये त्यालाही थांबावं लागलं. माणसं तीच, तळमळ तीच, गिऱ्हाइकं पैसे मोजायला तयार, फक्त या वेळी चालू यंत्र हाती नव्हतं. आज ते पॅक कॅमेरे शेल्फवर आहेत आणि मुदत संपलेली पाकिटं लिलावात मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने जातात. वीस बाय चोवीस इंचांचे फोटो काढणाऱ्या, शंभर किलोहून जड अशा पोलरॉइड कॅमेऱ्यांची गोष्ट याहून हळवी आहे. जॉन रॉयटर यांनी न्यूयॉर्कमध्ये जुना साठा जपून तो स्टुडिओ अनेक वर्षं चालवला. केंब्रिजमध्ये एल्सा डॉर्फमन यांनी याच कॅमेऱ्याने कित्येक कुटुंबांचे उभ्या माणसाएवढे वाटणारे फोटो काढले. पण साठा म्हणजे साठाच, तो म्हातारा होतो. डॉर्फमन यांनी २०२० मध्ये जग सोडण्याआधीच कॅमेरा बाजूला ठेवला होता.

आता इन्स्टॅक्सकडे पाहू, कारण वरच्या दहा कोटींचा अर्थ तिथे लागतो. इन्स्टॅक्स मिनी १९९८ मध्ये आली. २००२ च्या सुमारास वर्षाला दहा लाख कॅमेरे खपले आणि दोनच वर्षांत तो आकडा एक लाखावर घसरला. कोणत्याही हिशेबनिसाने त्याच दिवशी विभाग बंद केला असता. फुजीने केला नाही. २००७ च्या आसपास एका कोरियन मालिकेत हा कॅमेरा दिसला आणि पूर्व आशियातल्या तरुण मुलींनी तो उचलला. २०१५ च्या आर्थिक वर्षात ५० लाख, २०१८ च्या वर्षात एक कोटी अशी चढण झाली. नवे चाहते यायच्या आधी तीन-चार वर्षं तोट्याच्या सावलीत यंत्र चालू ठेवलं गेलं, ही या चढणीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे. चाहते आले तेव्हा दुकानात फिल्म होती.

यावर बाजारावर विश्वास असलेला वाचक म्हणेल, मग काळजी कसली, मागणी आहे तिथे माल येणारच. फुजीने २०२३ मध्ये कानागावा इथल्या कारखान्यात फिल्मचं उत्पादन वाढवायला सुमारे साडेचार अब्ज येन घालायचं ठरवलं, हे खरंच आहे. माझं उत्तर असं, की बाजार मागणीला माल देतो तो त्याच मापाचा, ज्या मापाची मागणी सर्वांत जास्त. ज्या कंपनीने मिनीचं उत्पादन वाढवलं तिनेच एफपी-१००सी बंद केली आणि दोन्ही निर्णयांमागे एकच हिशेब होता. दुसरा भाग असा, की एकूण आकड्यात फोनवरचा फोटो इन्स्टॅक्स फिल्मवर छापणारे प्रिंटर आणि आधी पडद्यावर बघून मग छापायचा डिजिटल-मिश्र कॅमेरेही आहेत. जुने जाणकार त्यांना नाक मुरडतात. मला हे नाक मुरडणं अन्यायाचं वाटतं. फिल्म तीच, लेप तोच, पुडी तीच. वाढदिवसाला फोनमधले दहा फोटो छापणारी मुलगी आज त्या कारखान्याचं वीजबिल भरते आहे. २००८ पूर्वी पासपोर्टच्या स्टुडिओने जे केलं तेच ती करते. म्हणूनच भीतीही आहे. स्टुडिओसारखीच तिलाही फोटोशी मतलब आहे आणि उद्या तिला दुसरं काही आवडलं तर कारखान्याला निरोप द्यायलाही ती येणार नाही.

खर्च आणि कचऱ्याचा आक्षेप याहून सरळ आहे आणि तो खराही आहे. प्रत्येक फोटोची किंमत भारतीय खिशाला जड आहे, प्लास्टिकचं कवच दर पाकिटामागे फेकलं जातं आणि एसएक्स-७० च्या काळापासून पोलरॉइडच्या पाकिटात चपटी बॅटरीसुद्धा असायची. पुढे आलेल्या आय-टाइप फिल्ममधून ती बॅटरी काढली गेली, हे चांगलं झालं. कवचं परत घेण्याची व्यवस्थाही कंपन्यांनीच उभी करायला हवी. पण ज्या गावात दोनच विहिरी आहेत तिथे पाणी जपून वापरा असं सांगणं आणि विहीर बुजवा असं सांगणं, यांत फरक आहे.

विहिरी दोनच आहेत, हे विसरून चालणार नाही. फुजीची इन्स्टॅक्स मागच्या बाजूने प्रकाश घेते, पोलरॉइडची समोरून. मापं वेगळी, रसायन वेगळं. एकीच्या कारखान्यात आग लागली तर दुसरी तिची फिल्म बनवू शकत नाही. पोलरॉइडचं निगेटिव्ह पूर्वीच्या आग्फातल्या तंत्रज्ञांनी उभ्या केलेल्या जर्मन कारखान्यातून येतं, म्हणजे एन्सखेडेचा दिवा दुसऱ्याच्या तारेवर आहे. पोलरॉइडचे जुने कागद हार्वर्डच्या बेकर ग्रंथालयात जपलेले आहेत, पण कागदावरच्या सूत्राने फिल्म होत नाही हे इम्पॉसिबलच्या पहिल्या वर्षांनी दाखवलं. म्हणून ज्यांना या माध्यमाची खरी आच आहे त्यांनी कॅमेऱ्यांच्या खपाचे आकडे वाचून निश्चिंत होऊ नये. इन्स्टॅक्स वाइड आणि स्क्वेअर या मिनीपेक्षा मोठ्या मापांची पाकिटं दुकानात नियमित येतात का, पोलरॉइडच्या कृष्णधवल फिल्मच्या नव्या तुकड्या निघतात का, जर्मनीतलं कोटिंग यंत्र कोणाच्या मालकीचं आहे, याकडे लक्ष ठेवावं आणि आपले पैसे त्या कमी खपणाऱ्या पाकिटांवर घालावेत. एफपी-१००सीच्या वेळी मागणीपत्रावर सह्या करणारे पुष्कळ होते. पण ती बंद होण्याआधीच्या पाच वर्षांत दर महिन्याला दोन पाकिटं घेणारे त्यातले फार थोडे असावेत.