घरचा जुना, हळू चालणारा संगणक वेगवान कसा करावा?



तुमच्या घरात एखादा जुना संगणक आहे का? बटण दाबलं, भाजीला फोडणी दिली, परत येऊन बघितलं तरी स्क्रीनवर गोल चक्र फिरतंच आहे, असा? आमच्याकडे होता. २०१२ साली धुळ्याहून घेतलेला. शाळेची ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख आणि याचं चक्र थांबेना. घरचे म्हणाले, "भंगारात देऊन टाक." नवीन घ्यायचा तर खर्च मोठा, आणि मुलीला पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या सरावासाठी रोज संगणक हवा. शेवटी मीच त्याच्या मागे लागले. मी काही इंजिनिअर नाही, डीएड झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. म्हणून जे मला जमलं ते तुम्हालाही जमेल, असं समजून हा लेख लिहीत आहे.

संगणक हळू का होतो?

मुलांना मी हे स्वयंपाकघराच्या उदाहरणाने सांगते. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. रॅम म्हणजे ओटा. हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठीची खोली. आता भरीत-भाकरीचा बेत आहे आणि ओटा आहे हातभर. वांगी ठेवली की कळण्याच्या पिठाला जागा नाही. पीठ घेतलं की वांगी कोठीत नेऊन ठेवायची, परत आणायची. बाई कितीही चपळ असली तरी तिचा वेळ येण्याजाण्यातच जातो.

संगणकाचंही तसंच होतं. रॅम भरली की तो सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागलं की परत आणतो. हार्ड डिस्क मुळातच हळू असते. तिच्यात एक चकती मिनिटाला साधारण ७२०० वेळा फिरते आणि एक सुई हवी ती जागा शोधत जाते. दर वेळी शोधायला सेकंदाचा शंभरावा भाग किंवा थोडा जास्त वेळ लागतो. ऐकायला कमी वाटतं, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो जागा शोधाव्या लागतात. तिथेच मिनिटं जातात.

पायरी १ : आधी बॅकअप

काहीही करण्याआधी फोटो, निकालपत्रकं, महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवा. ही पायरी सोडू नका. २०१९ मध्ये मी हाच संगणक एका दुकानात फॉरमॅटला दिला. "ताई, डी ड्राइव्हला काही होत नाही," असं सांगितलं गेलं. परत आला तेव्हा डी ड्राइव्ह रिकामा. त्यात माझ्या वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो होते. चूक त्यांची होती, पण कॉपी न काढण्याची चूक माझी होती. कॉपी काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, मगच पुढे जा.

पायरी २ : दुखणं नेमकं कुठे आहे?

घड्याळ लावून बटण दाबल्यापासून काम सुरू करता येईपर्यंतचा वेळ मोजा आणि वहीत लिहून ठेवा. आमचा ५ मिनिटे ४० सेकंद आला.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये तिथे सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे टक्के दिसतात. नेहमीचं काम करताना पाच मिनिटं लक्ष ठेवा.

- डिस्क सतत १०० टक्क्यांजवळ असेल, तर हार्ड डिस्क अडखळते आहे.
- मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर ओटा लहान पडतो आहे.
- काही काम नसताना सीपीयू वर असेल, तर एखादा प्रोग्रॅम गुपचूप चालू आहे. व्हायरसही असू शकतो.

पायरी ३ : बिनखर्चाचे उपाय

१) स्टार्टअप कमी करा. संगणक सुरू होताना अनेक प्रोग्रॅम न बोलावता उठतात. विंडोज १० मध्ये टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये जाऊन नको ते डिसेबल करा. विंडोज ७ असेल तर विंडोजचं बटण आणि आर दाबून 'एमएसकॉन्फिग' टाइप करा. तिथेही स्टार्टअप टॅब मिळेल. अँटिव्हायरस मात्र बंद करू नका.

२) नको असलेले प्रोग्रॅम काढा. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा. आमच्याकडे तीन ब्राउझर, दोन अँटिव्हायरस आणि बंद पडलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर निघालं. दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा नव्हे. दोघं एकमेकांच्या पायात येतात. एकच ठेवा.

३) सी ड्राइव्ह मोकळा करा. निदान १५-२० टक्के जागा रिकामी हवी. डाउनलोडचा फोल्डर आणि व्हॉट्सॲपवरून आलेले व्हिडिओ आधी बघा. मग डिस्क क्लीनअप चालवा. डेस्कटॉपवर मोठ्या फाइल ठेवायची सवय असेल तर लक्षात घ्या, डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच.

४) ब्राउझर हलका करा. एका वेळी पंधरा टॅब उघडे ठेवू नका. नको ती एक्स्टेंशन काढा. २ जीबी रॅमच्या संगणकावर तीन-चार टॅब पुरे.

५) दिखावा कमी करा. विंडोज आणि आर दाबून 'सिस्टीम प्रॉपर्टीज परफॉर्मन्स' टाइप करा, मधे जागा न सोडता आणि इंग्रजीत. 'ॲडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. खिडक्या उघडताना होणारी हालचाल आणि सावल्या बंद होतात. दिसायला साधं, पण जुन्या संगणकाला हलकं.

एवढ्यावर आमचा वेळ ३ मिनिटांवर आला. एक रुपयाही खर्च झाला नाही.

पायरी ४ : धूळ आणि ऊन

ही पायरी आपल्या खान्देशात सर्वांत महत्त्वाची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. म्हणजे दुपारी हळू आणि पहाटे बरा चालणारा संगणक आजारी नसतो, तो उन्हाने बेजार असतो.

त्यात कापसाचे दिवस. खेड्यात घरातच कापूस रचलेला असतो आणि त्याची बारीक रुई पंख्यात जाऊन बसते. मी आमच्या सीपीयूचं झाकण काढलं तेव्हा प्रोसेसरच्या पंख्याखाली रुईची अक्षरशः गादी निघाली.

साफ करताना आधी संगणक बंद करा आणि वायर बोर्डातून काढा. रंगकामाच्या मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर मुलांचं साधं खोडरबर हळूच फिरवा आणि कण झटकून पट्टी परत बसवा. पॉवर सप्लायचा चौकोनी डबा मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.

सीपीयू भिंतीला चिकटवून ठेवू नका. कूलरच्या झोतासमोरही नको, ती हवा दमट असते.

एक छोटी गोष्ट. दर वेळी तारीख चुकीची दिसते का? मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. त्याचा नंबर बहुधा सीआर २०३२ असतो आणि तो अगदी स्वस्तात मिळतो. तारीख चुकली की अनेक वेबसाइट असुरक्षित म्हणून उघडत नाहीत आणि आपण नेटला दोष देत बसतो.

पायरी ५ : थोडा खर्च, मोठा फरक

पैसे घालायचेच असतील तर आधी एसएसडीवर घाला. एसएसडीत फिरणारी चकतीच नसते. सगळं चिपमध्ये. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, तर साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. त्याहून मोठा फायदा म्हणजे सुईची शोधाशोध संपते. विंडोज एसएसडीवर टाका आणि जुनी हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओसाठी ठेवा. घरच्या कामाला २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी पुरते.

त्यानंतर रॅम. विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघा :

- तुमच्या संगणकात डीडीआर २, ३ की ४ आहे? एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. जुनी पट्टीच सोबत न्या.
- मदरबोर्डवर रिकामा स्लॉट आहे का?
- विंडोज ३२ बिट आहे का? असेल तर घरचं विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरत नाही. जास्त टाकली तर पैसे वाया.

मी गोलाणी मार्केटमध्ये दोन-तीन दुकानांत भाव विचारला. तुम्हीही विचारा, बिल आणि वॉरंटी घ्या. आमच्या २ जीबीच्या जोडीला ४ जीबीची पट्टी आणि एक एसएसडी घातली. वेळ आला ३५ सेकंद! मुलीने वहीत तो आकडा स्वतः लिहिला.

विंडोज जुनं झालं असेल तर?

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, तर विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार टाळा. दुसरा मार्ग म्हणजे लिनक्स. ते मोफत आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स बघा. मराठी युनिकोड टायपिंग, लिबरऑफिस, ब्राउझर सगळं त्यावर चालतं. पण विंडोजसाठीच बनलेलं एखादं सॉफ्टवेअर तुम्हाला लागत असेल, तर आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, मगच बदला.

हे करू नका

- डेस्कटॉपवर सारखं रिफ्रेश करणं. त्याने फक्त आयकॉन पुन्हा काढले जातात, वेग वाढत नाही. ही सवय आपल्या सगळ्यांची आहे, माझीही!
- "तुमचा संगणक धोक्यात आहे, इथे क्लिक करा" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवणं.
- एका क्लिकमध्ये वेग वाढवतो म्हणणारे मोफत प्रोग्रॅम टाकणं. बहुतेक वेळा तेच ओझं होतात.
- विंडोज फोल्डरमधल्या फाइल हाताने पुसणं.
- एसएसडीला डीफ्रॅगमेंट करणं. ते साध्या हार्ड डिस्कसाठी असतं.

शेवटी

जुना संगणक नव्यासारखा होणार नाही. त्यावर जड गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग चालणार नाही. पण माहिती भरणं, प्रश्नपत्रिका टाइप करणं, मुलांचा सराव, शैक्षणिक व्हिडिओ, एवढं नक्की होतं. आपल्या धुळे जिल्ह्यात लोकसहभागातून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या. लोकांनी घामाच्या पैशातून दिलेली साधनं त्यात आहेत. शाळेतला एखादा संगणक निर्लेखनाच्या यादीत टाकण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून एकदा त्याची धूळ झाडून बघा, रॅम पुसून बघा. कदाचित अजून दोन-तीन बॅचची मुलं त्यावर पहिल्यांदा आपलं नाव टाइप करतील.

आजच एक करा. वेळ मोजा आणि वहीत लिहा. आणि हो, बॅकअप आधी!