किल्लीच्या टॉर्चमधला सेल

कृषिपंपाला रात्रपाळीची वीज आली की बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्यापासून माजलगावापर्यंत माणसे अंधारात दारे धरायला शेतात उतरतात. बांधावर साप-विंचवाची धास्ती, म्हणून गाडीच्या किल्लीला बोटाएवढी टॉर्च अडकवलेली असते. तिच्यात आता बरेचदा चार्ज होणारा लिथियम सेल येतो. तो कोणत्या रसायनाचा आहे हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. वेष्टनावर क्षमतेचा, म्हणजे एमएएचचा, आकडा मात्र ठळक छापलेला असतो.

त्या आकड्याला भुलू नका. बारीक पेन्सिल सेलच्या मापाच्या लिथियम सेलला १०४४० म्हणतात: जाडी १० मिलिमीटर, लांबी ४४. एवढ्याशा नळीत चांगल्या कंपनीलाही साडेतीनशेच्या आसपासच एमएएच बसवता येतात. त्यावर हजाराचा दावा दिसला तर सेल तिथेच ठेवा. क्षमता खोटी छापणाऱ्याने आतला, दोन ध्रुवांना अलग ठेवणारा पातळ पडदा नीट घातला असेल, असे मानायला काहीच आधार नाही.

हा सेल आधीच नाजूक. टॉर्चने पूर्ण उजेडासाठी एक अँपिअर ओढला, तर तो त्याच्या क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट असतो. एवढ्या लहान सेलमध्ये संरक्षक सर्किटही बहुधा नसते. सेल अगदी तळापर्यंत उतरला तर आतले तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. त्यात आपला मे महिना: पारा चाळिशीपार आणि किल्ली उन्हातल्या गाडीला लटकलेली. ४५ अंशांच्या वर असे सेल चार्ज करू नयेत.

नेहमीच्या लिथियम सेलमध्ये बहुधा कोबाल्टचे ऑक्साइड असते. भरलेला सेल २०० अंशांच्या आसपास तापला की हे ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडू लागते आणि शेजारी ज्वलनशील द्रव तयारच असतो. म्हणून ही आग झाकून विझत नाही.

यावरचा उतारा १९९७ साली टेक्सास विद्यापीठातून आला: लिथियम आयर्न फॉस्फेट. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते अक्षय पाढी, दुसरे नंजुंडस्वामी आणि तिसरे जॉन गुडइनफ. गुडइनफ यांना २०१९ मध्ये वयाच्या ९७व्या वर्षी नोबेल मिळाले, ते सार्थच होते. पण आज बसगाड्यांपासून सौरदिव्यांपर्यंत पोहोचलेल्या या पदार्थाच्या निबंधावर पहिले नाव पाढींचे आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असू नये याचे मला मनापासून वाईट वाटते. आणखी एक गंमत म्हणजे या पदार्थाच्या स्फटिकाची रचना ऑलिव्हिनची आहे. ऑलिव्हिन हे बसाल्टमधले खनिज, आणि आपल्या बीडमधले बालाघाटाचे डोंगर बसाल्टचेच! घटक वेगळे असले तरी अणूंची मांडणी त्याच धाटणीची. या मांडणीत फॉस्फरसने ऑक्सिजन इतका घट्ट धरलेला असतो की तापल्यावरही तो सहजी सुटत नाही. आतला द्रव जळू शकतो, पण आगीला घरचा ऑक्सिजन मिळत नाही.

मग सरसकट फॉस्फेटच घ्यावा? नाही. बारीक पेन्सिल सेलच्या टॉर्चसाठी मी निकेल-मेटल हायड्राइडचा सेल घेईन. १.२ व्होल्ट, ८०० एमएएच, म्हणजे जवळजवळ एक वॉट-तास. साडेतीनशे एमएएचचा लिथियम सेल १.३ वॉट-तास देतो. एवढ्याशा फरकासाठी खिशात धोका कशाला बाळगायचा? निकेल सेलमधला द्रव पाण्याचा, तो पेटत नाही. शिवाय दीड व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये ४.२ व्होल्टचा सेल घातला, तर दिवा आणि सर्किट दोन्ही तापतात.

फॉस्फेटची खरी जागा तीन व्होल्टच्या, १६३४० मापाच्या आखूड जाड सेलच्या टॉर्चमध्ये, त्याचे ३.२ व्होल्ट तिथे नेमके जुळतात. लिथियमचा कोणताही सेल घेताना आयएस १६०४६ आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. सुटा सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकू नका. फॉस्फेटला चार्जर मात्र वेगळा लागतो: नेहमीचा लिथियम चार्जर ४.२ व्होल्टपर्यंत नेतो, फॉस्फेट सेल ३.६५ला थांबवावा लागतो. दोन्हींची सोय असलेले चार्जर मिळतात. सेल बसवण्याआधी चार्जरचा खटका कोणत्या व्होल्टवर आहे ते पाहून घ्या.