घटकांचे गुणधर्म आणि अ‍ॅनोटेशन

जावा भाषेतील ओएसजीआय या घटकाधिष्ठित रचनापद्धतीत घटकाचे गुणधर्म, उदाहरणार्थ उत्तराची वाट पाहण्याची कालमर्यादा, पूर्वी अवतरणात लिहिलेल्या नावाने शोधावे लागत. नावात एक अक्षर चुकले तरी कंपायलरला त्याचा पत्ता लागत नसे. दोष आज्ञावली चालू झाल्यावरच प्रकट होई. २०१५ सालच्या सहाव्या आवृत्तीने हे गुणधर्म अ‍ॅनोटेशनच्या, म्हणजे आज्ञावलीस जोडावयाच्या टिपणाच्या, रूपाने प्रकार व गृहीत मूल्य यांसह घोषित करण्याची सोय केली. तेव्हापासून अशी चूक आरंभीच उघड होते. तथापि व्यवस्थापकाने बाहेरून पुरविलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये नाव चुकल्यास ही तपासणी लागू पडत नाही. त्याने ६० सेकंदांची मर्यादा लिहिली, तरी घटक गृहीत ३० सेकंदच मुकाट्याने पाळतो. सारांश, अ‍ॅनोटेशनने एकाच बाजूची जोखीम टळते. दुसऱ्या बाजूस पडताळणी स्वतःच करावयास हवी.