शनिवार-रविवारचा परदेश

परदेशी शिकायला गेलेली मुले शनिवार-रविवारी मित्राबरोबर जवळचे एखादे शहर पाहून येतात आणि घरी फोटो पाठवतात. माझा एक मावसभाऊ तसा गेला आहे. त्याचे फोटो पाहून आई मला म्हणाली, "तू निदान पणजी तरी बघून ये!" तिचे बोलणे मी मनावर घेतले. पण हा लेख लिहिण्याचे खरे कारण वेगळे आहे. एकेकाळी बेळगाव हाच परदेश होता, आणि तेथे शिकायला आलेला विद्यार्थी आमच्याच घरात होता. ते म्हणजे माझ्या आईचे वडील, चोपड्याचे आजोबा.

चोपडे हे गाव गोव्यात, पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या उत्तर काठावर आहे. पलीकडच्या काठाला शिवोली. मधे आता पूल आहे. पूर्वी फेरीबोट होती. माझे शाळेचे शिक्षण बेळगावात मराठी माध्यमात झाले आणि कन्नड गल्लीत खेळता खेळता आली. त्यामुळे दोन्ही भाषांत मला सारख्याच चुका करता येतात. बरोबर आला तो माझ्याच वर्गातला, कन्नड माध्यमातून आलेला मित्र. तो नवलगुंद तालुक्यातला असल्यामुळे मी त्याला नवलगुंदकरच म्हणतो. त्याने तोपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सातच्या बसने निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी आणि पुढे पणजी असा रस्ता आहे. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर आणि वेळ साधारण तीन-साडेतीन तास. बस कदंब महामंडळाची होती. गोव्याच्या या महामंडळाची स्थापना 1980 ची. नाव वाचताच आमचा नवलगुंदकर म्हणाला, "कदंब आमचे, बनवासीचे." मी म्हटले, गोव्याचे कदंब वेगळे, त्यांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर, आणि त्याचे नार्व्याचे देऊळ आपल्या वाटेवरच्या डिचोली तालुक्यात आहे, शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. त्यावर तो म्हणाला, त्याच गोवेकर कदंबांची दुसरी राजधानी हलशी, आणि हलशी आज खानापूर तालुक्यात आहे. म्हणजे पुन्हा आमचेच! हा वाद कणकुंबीपर्यंत चालला आणि तेथे आपोआप थांबला. कारण तेथे खरा वाद सुरू होतो.

कणकुंबी हे गाव पाणलोटाच्या कण्यावर बसले आहे. येथे माऊलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेला जाते, कूडलसंगमाला कृष्णेला मिळते, आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. त्याच परिसरातले कळसा नाल्याचे पाणी मात्र पश्चिमेला वळून म्हादईत जाते. म्हादईचा उगमही खानापूर तालुक्यातलाच, भीमगडच्या रानातला. गोव्यात उतरल्यावर तिलाच मांडवी म्हणतात आणि ती पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. कळसा आणि भंडुरा या नाल्यांचे पाणी वळवून मलप्रभेत सोडावे, ही कर्नाटकाची योजना. गोव्याचा तिला विरोध आहे. 2010 मध्ये लवाद नेमला गेला. त्याने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले 8.02 टीएमसी विजेसाठी आहे, आणि मलप्रभेकडे वळवण्याचे फक्त 3.9 टीएमसी. निवाडा तिन्ही राज्यांपैकी कोणालाच मानवला नाही. तिघेही सर्वोच्च न्यायालयात गेले.

हे आकडे मी लेखासाठी जमवले. नवलगुंदकराला ते तोंडपाठ होते. 2015 च्या आंदोलनात त्याचे वडील रोज रस्त्यावर जाऊन बसत. तो तेव्हा लहान होता आणि वडिलांचा डबा पोचवायचे काम त्याच्याकडे होते. खिडकीतून बाहेर बघत त्याने हे सांगितले. पुढे घाट उतरेपर्यंत आम्ही दोघेही फारसे बोललो नाही.

पणजीत साडेदहाला उतरलो. पणजी एका दिवसात पायी पाहून होते, हा तिचा मोठा गुण. खिशात पैसे कमी असणाऱ्याने नदीचा काठ धरून चालावे. आदिलशहाचा राजवाडा काठावरच आहे. विजापूरच्या युसुफ आदिलशहाचा हा वाडा. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकल्यावर तो त्यांच्याकडे गेला, 1759 पासून व्हॉइसरॉय तेथे राहू लागले, आणि मुक्तीनंतर 2000 पर्यंत गोव्याची विधानसभा त्यात भरे. विजापूर म्हटल्यावर हाही वाडा 'आमचा' झाला, हे सांगायला नकोच!

वाड्याच्या शेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. हात पसरलेला एक पाद्री आणि त्याच्यापुढे कलंडलेली एक बाई, हे पाहून कोणीही दचकेल. फारिया यांचा जन्म 1756 चा, कांदोळीचा. संमोहनात जादू नसते, ते ज्याच्या त्याच्या मनातून घडते, असे त्यांनी पॅरिसमध्ये सांगितले. पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी 1945 मध्ये केला. फारियांची एक दंतकथा गोव्यात सगळ्यांना ठाऊक असते. लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभे राहिल्यावर त्यांची बोबडी वळली, तेव्हा वडिलांनी खालून कोकणीत पुटपुटत सांगितले की ही सगळी भाजी आहे, "कातर रे भाजी!" वक्तृत्व स्पर्धेत भाग घेणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पुढे फोंताइन्हास. हे नाव 'झरा' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेले, आणि आल्तिनोच्या पायथ्याला तो झरा आहेही. घरांना पिवळा, निळा, तांबडा रंग. फोटो काढणाऱ्यांची गर्दी इतकी की तेथे राहणाऱ्यांची कीव येते. आम्हीही दोन काढलेच. चर्चच्या पायऱ्या चढलो, महालक्ष्मीच्या देवळात जाऊन आलो, आणि दुपारी एका साध्या खानावळीत बसलो. मी मासळीची थाळी घेतली. नवलगुंदकर शाकाहारी, त्याने सोलकढी दोनदा मागवली.

चार वाजता बेतीच्या फेरीबोटीत चढलो. पायी जाणाऱ्याला तिकीट पडत नाही, तेव्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ही सहल चुकवू नये. 5 जुलै 1986 रोजी मांडवीचा जुना पूल कोसळला तेव्हा फेरीबोटींनीच लोकांना तारले, असे जुनी माणसे सांगतात. आता तीन पूल एकमेकांशेजारी आहेत आणि खाली जुगाराची तरंगती जहाजे. बोट नदीच्या मधोमध आली तेव्हा मित्राने विचारले, "हे कणकुंबीचेच पाणी ना?" मी हो म्हटले. मग जवळच्या एका खलाशाने सांगितले, येथले पाणी खारे, भरतीचे. तोंडात धरवणार नाही.

बेतीहून म्हापसा, तेथून शिवोली, पूल ओलांडून चोपडे. म्हापशाला आम्ही चुकीच्या बसमध्ये बसलो आणि एक तास घालवला. चूक माझीच, पाटी मी वाचली होती.

आजोबा अंगणातच बसले होते. वय 84. त्यांनी मित्राला पाहून विचारले, "यावूर तम्मा?" मी थक्क झालो. आजोबांना कन्नड येते हे मला वीस वर्षांत कळले नव्हते!

मग रात्री ती हकीकत निघाली. मराठी प्राथमिक शाळा गावाकडे होती. पुढे पोर्तुगीज शिकायचे तर पणजीचे लिसेव, आणि इंग्रजी-मराठी शिकायचे तर बेळगाव किंवा मुंबई. बाराव्या वर्षी ते बेळगावला आले. वाट पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, आंबोली अशी. 1955 मध्ये पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि भारताने सरहद्द बंद केली. घरून पैसे येण्याची वाट बंद झाली. दोन मे महिने ते घरी गेले नाहीत. एका कानडी व्यापाऱ्याच्या दुकानात संध्याकाळी हिशेब लिहून त्यांनी जेवणाचे पैसे भागवले, आणि कन्नड तेथेच आली. पुढे परवाना काढून गेले तेव्हा आईसाठी कुंदा नेला होता. नाक्यावरच्या पाखल्याने तो बांधलेले मराठी वर्तमानपत्र काढून घेतले आणि कुंदा हातावर ठेवला. "कागदाला भ्याला, कुंद्याला नाही," आजोबा म्हणाले. 1959 मध्ये रुपियाची जागा एस्कुदोने घेतली, एका रुपियाला सहा एस्कुदो. बेळगावला रुपये, आणि घरी हे तिसरेच. त्यांच्या मते हिशेबतपासनीस व्हायला त्यांच्याइतका सराव कोणाला नव्हता. पण ते झाले शाळामास्तर.

रविवारी सकाळी आजोबांनी आम्हाला खाजनावर नेले. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखालून बांध घालून काढलेली जमीन. बांधात एके ठिकाणी लाकडी दारे असतात, तिला मानस म्हणतात. भरती चढली की पाण्याच्या दाबानेच दार मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर ढकलून उघडते. पावसाळ्यात गोड्या पाण्यावर खार सोसणारे कोरगुट भात होते, नंतर मासे. बाजूचा आगरवाडा मिठागरांचा. एक दार कुजले की तिकडे मीठ आणि इकडे भात, हा हिशेब चुकतो. वरून गोडे पाणी कमी आले तरी खार आत चढतो, असे सांगून आजोबा म्हणाले, "शापोऱ्याला जे, तेच मांडवीला. म्हणून आमची माणसे ओरडतात."

नवलगुंदकराने सगळे ऐकून घेतले. मग कन्नडमध्ये म्हणाला, "अज्जा, आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येते." आजोबांनी विचारले, किती वेळ? तो म्हणाला, दीड तास. किती घागरी भरतात, गुरांना किती लागते, विहिरीचे काय, असे आजोबा एकेक विचारत गेले आणि बोटांवर मोजत राहिले. शेवटी मोजणे सोडून देऊन त्यांनी बांधावरचे एक सैल ढेकूळ पायाने दाबले. दोघांपैकी कोणीच आपले म्हणणे सोडले नाही. आजीने मात्र दुपारी त्याच्यासाठी वेगळे खतखते केले होते.

मोरजीला जाऊन समुद्र पाहिला. तेथे कासवे अंडी घालायला येतात, त्या जागेला कुंपण होते. मित्र अर्धा तास पाण्यात नुसता उभा होता. त्याला काय वाटले ते तो याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणार आहे, तेव्हा मी लिहीत नाही.

हिशेब: राहणे आजोळी असल्यामुळे दोघांचा मिळून खर्च 1,740 रुपये. निघताना आजोबांनी सहा नारळ दिले, तीन मला आणि तीन नवलगुंदला. परतीच्या बसमध्ये कणकुंबीला मी जागा होतो, तो झोपला होता. आता मेच्या सुट्टीत मी त्याच्या गावी जायचे ठरले आहे. पाणी येण्याचा वार विचारून ये, असे त्याने बजावले आहे.