शस्त्राआधी शब्द

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफ उभी राहते. पण तोफेच्या आधी बातमी धावते. शत्रूची बातमी काढणे, आपली झाकणे आणि जगाला पटेल असे बोलणे, ही तीन कामे म्हणजे माहितीचे युद्ध. ती कोणी करावी व कोणाच्या हुकमाने, हा प्रत्येक सैन्यापुढचा प्रश्न आहे.

त्याचे उदाहरण शोधायला आपल्याला फुलंब्रीहून दूर जायला नको. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. त्याच्यापाशी सैन्य होते, औरंगाबादला नभोवाणी केंद्र होते. साधनांची वाण नव्हती. वाण होती एकवाक्यतेची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये निजाम सरकारने भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली. इकडे रझाकारांचे पुढारी कासिम रझवी लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या वल्गना करीत. एक तोंड गाऱ्हाणे सांगे, दुसरे धमकी देई. जगाने कोणते खरे मानावे?

भारताच्या बाजूने मात्र बोलणे एकच होते. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या. लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’. लोकांपुढे शब्द ठेवला ‘पोलीस ॲक्शन’. रणगाडे चालून गेले, तरी ही दोन राष्ट्रांची लढाई नसून घरातला बंदोबस्त आहे, हे त्या शब्दाने सांगितले. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. शब्द मात्र मराठवाड्याच्या तोंडी कायमचा बसला.

पण याच शब्दाने काही झाकलेही. रझाकारांचे अत्याचार आपल्या गावांनी सोसले, ते आपण सांगतो. कारवाईनंतर अनेक निरपराध मुसलमानांचे बळी गेले. त्याची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही.

आता सैन्ये या कामासाठी स्वतंत्र खाती उभारतात. चीनने २०१५ च्या अखेरीस अवकाश, संगणकजाल आणि माहिती यांची कामे एका दलात आणली. २०२४ मध्ये ते दल मोडून माहितीसाठी वेगळे दल केले. भारतात २०१९ मध्ये तिन्ही दलांची मिळून संरक्षण सायबर संस्था उभी राहिली. घडी बदलते, सूत्र तेच: अनेक हात, एक हुकूम.

मात्र शत्रूसाठी बोललेला शब्द आपल्याही कानी पडतो. म्हणून सैन्यात हुकूम एकाचा असावा. पण बोललेल्याचा हिशेब मागणारे नागरिक पुष्कळ असावेत.